मामेसासरे आणि अकरा शिंद्या

देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, हे सगळ्यांना ठाऊक आहे; पण विसाव्याला जाताना त्याने सृष्टीच्या किल्ल्या कोणाच्या हवाली केल्या, हे फारसं कोणाला ठाऊक नाही. त्या माझ्या मामेसासऱ्यांच्या हवाली केल्या. निदान त्यांची स्वतःची तशी पक्की समजूत आहे, आणि मोहोपाड्याच्या आमच्या मंडळीत ती खोडून काढायची आजवर कोणाची छाती झालेली नाही. एका पाळकांनी एकदा सौम्यपणे सुचवून पाहिलं होतं, की मामा, सृष्टी सांभाळायला सृष्टिकर्ता समर्थ आहे. त्यावर मामा म्हणाले, "समर्थ हाय हो, पण एकटा पडतो." त्या पाळकांची पुढे बदली झाली. मामा आहेत तिथेच आहेत.

मामेसासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले मामा. मूळचे नगरकडचे. ऐन तारुण्यात इकडच्या एका रसायनांच्या कारखान्यात चिकटले, स्टाफ कॉलनीत राहिले आणि त्यांच्यासारख्याच पोटापाण्यासाठी इकडे आलेल्या दहाबारा ख्रिस्ती कुटुंबांनी मिळून ओढ्याकाठी एक पत्र्याचं चर्च उभारलं. पुढे पत्रे गेले, सिमेंट आलं, घंटा आली, पंच कमिटी आली आणि भांडणंही आली. कारखान्यात बाकीचे लोक माल बनवायचे. माल बनवून झाल्यावर उरलेलं पाणी मामा माणसात आणायचे. सांडपाण्याच्या प्लँटवर त्यांनी तेहतीस वर्षं काढली. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्यांनी आपणहून मागून घेतलं ते पीएच पेपरचं एक खोकं. पाण्यात आम्ल किती आहे हे रंग बदलून सांगणाऱ्या या कागदी पट्ट्या तेव्हापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात असतात, आणि जगात जे जे म्हणून ओलं आहे त्यात त्या बुडवल्याशिवाय मामांना चैन पडत नाही. माझ्या नणंदेला बघायला आलेल्या मंडळींच्या सरबतात त्यांनी पट्टी बुडवली होती. लग्न जमलं, पण मुलाच्या आईने ते सरबत काही प्यायलं नाही.

माझ्या लग्नात त्यांनी मला बांबूच्या दोन टोपल्या आहेर केल्या आणि स्टेजवर, फोटोग्राफर थांबलेला असताना, माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, की सूनबाई, संसार टिकवायचा तर ओलं आणि सुकं वेगळं ठेवायचं. यात काहीतरी गहन आध्यात्मिक अर्थ असणार म्हणून मी तीनचार महिने त्यावर विचार करत होते. मग एका रविवारी मामा घरी आले, सलाम करून थेट स्वयंपाकघरात गेले, माझ्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून आत बघितलं आणि दुखावलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "टोपल्या कुठं हायत?" टोपल्यांत मी लोकर आणि फोटो ठेवले होते.

चर्चमध्ये मी पेटी वाजवते. पेटी पुलपिटाच्या डाव्या अंगाला, मागच्या दाराशी असते, त्यामुळे मंडळीचे चेहरेही दिसतात आणि मागच्या अंगणात काय चाललंय तेही दिसतं. मामांचे बरेचसे पराक्रम मी त्या जागेवरून पाहिलेले आहेत. साथीच्या काळात आमच्याकडे प्रभुभोजनाचे काचेचे इवले पेले बंद होऊन एकदा वापरून फेकायचे प्लास्टिकचे पेले आले. साथ गेली, पेले राहिले. आमचे सेक्रेटरी पूर्वी एका कारखान्याच्या पर्चेस खात्यात होते, आणि कुठलीही वस्तू शेकड्याने घेतल्याशिवाय घेतल्यासारखी वाटत नाही, हा त्यांचा पिंड. त्यांनी पेल्यांचा असा काही साठा करून ठेवला होता की येशूच्या पुनरागमनापर्यंत पुरला असता. मामा पंच कमिटीत उभे राहून म्हणाले, की काचेचे पेले मी घरी नेतो, घासतो आणि आणून देतो, एक जरी डागाळलेला निघाला तर मला कमिटीतून काढा. आणि खरोखर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हा माणूस नव्वद पेले पिशवीत खुळखुळवत सायकलवरून घेऊन यायला लागला. यात कौतुकाशिवाय दुसरं काही वाटायचं कारण नव्हतं. पण एकदा पेले भरता भरता त्यांचा हात सवयीने खिशात गेला, पट्टी द्राक्षरसात बुडली, लालभडक झाली आणि शांत प्रार्थनेच्या वेळी त्यांचा आवाज सगळ्या चर्चला ऐकू आला, की असलं पाणी मी प्लँटमधून भाईर सोडलं असतं तर मला नोटीस आली असती. त्या दिवशी प्रभुभोजन घेताना लोकांच्या चेहऱ्यावर पश्चात्तापापेक्षा शंका जास्त होती.

त्याहून गाजला तो दानार्पणाचा प्रसंग. नाताळच्या प्रीतिभोजनाला महिला मंडळाने, म्हणजे त्यात मीही आलेच, बिर्याणी केली होती आणि भांडी घासायला नको म्हणून थर्माकोलची ताटं मागवली होती. जेवणं झाली, ताटं चर्चमागच्या ओढ्याकडेला टाकली गेली, ती वाऱ्याने ओढ्यात गेली. पुढच्या रविवारी दानार्पणाचं गीत सुरू झालं, लोक रांगेने येऊन पिशवीत दान टाकू लागले, आणि रांगेत सगळ्यात शेवटी मामा खांद्यावर एक गोणी घेऊन उभे. त्यांनी ती वेदीपुढे ठेवली आणि तोंड सोडलं. आतून पांढरी ताटं घरंगळली, काहींना अजून रस्सा लागलेला होता. पाळकसाहेबांनी दानावर आशीर्वाद मागायला हात वर केले होते ते तसेच राहिले. मामा अगदी शांतपणे म्हणाले, की ओढ्यातून काढलीत, मोजली नाहीत, पण सगळी आपलीच आहेत, आणि देवाच्या ओढ्यात टाकायला लाज वाटली नाही तर देवाच्या वेदीवर ठेवायला का वाटावी. मी पेटीवर मान खाली घालून गीताचं तेच कडवं वाजवत राहिले. त्या दिवसापासून आमच्याकडे प्रीतिभोजनाला प्रत्येक जण आपलं ताट घरून आणतो, आणि जेवण झाल्यावर कुणाचं ताट कुणाकडे गेलं यावरून नव्या भांडणांची सोय झाली आहे.

बाप्तिस्म्याचं पाणीही त्यांच्या नजरेतून सुटलेलं नाही. पाचसहा जण पांढरे कपडे घालून नदीकाठी उभे, पाळकसाहेब कमरेएवढ्या पाण्यात, आणि मामा पट्टी उन्हात धरून निरखत म्हणाले, की इथे पापं धुऊन निघतील पण खरूज घेऊन घरी जाल. मग सगळी मंडळी टेंपोत भरून थेट भिवपुरीकडे डोंगराच्या पायथ्याच्या ओढ्यावर नेली. पाणी आरशासारखं होतं आणि बर्फासारखं गार होतं. प्रवाहाने पाळकांची एक चप्पल नेली. बाप्तिस्मा घेणाऱ्या एका दणकट फिटरने पाण्यातून वर आल्याबरोबर जी किंकाळी फोडली तिला काही लोकांनी पवित्र आत्म्याचा संचार समजून हालेलुया म्हटलं. मामा काठावर उभे राहून पट्टी दाखवत होते, सात, बरोबर सात.

असा हा माणूस. दुसऱ्याच्या हातून निसर्गाची रेघभर आगळीक झाली तरी त्याला रात्रीची झोप लागत नाही. त्यांच्या तपासणीत आजवर मोहोपाड्यात एकच व्यक्ती बिनशर्त पास झाली होती, ती म्हणजे बुधीबाई. ओढ्यापलीकडच्या ठाकूरवाडीतली ही बाई, वयाने पन्नाशीची असेल, तिलाही नक्की माहीत नाही. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतावर लावणी, मग कापणी, आणि शेतीची कामं संपली की जानेवारीपासून पाऊस येईपर्यंत ती झाडू बांधते आणि चौक गावच्या नाक्यावर नेऊन विकते. झाडू शिंदीच्या, म्हणजे रानखजुरीच्या, पानांचे. आमच्या चर्चच्या मागे, ओढ्याच्या उतारावर, पुरुषभर उंचीच्या अकरा शिंद्या होत्या. जागा सातबाऱ्यावर चर्चची, पण बुधीबाईची सासू, त्या सासूची सासू, चर्च होण्याआधीपासून त्या झाडांची पानं काढत आलेली. दर आठ दिवसांनी बुधीबाई यायची, खालची चार पानं इकडची, चार तिकडची काढायची, काट्यांनी हात ओरबाडून घ्यायची आणि भारा डोक्यावर घेऊन जायची. ते पाच महिने तिच्या घरची चूल त्या अकरा झाडांवर पेटायची. मामा आम्हाला तिच्याकडे बोट दाखवून सांगत, बघा, एवढी वर्षं काढतीय आणि झाड जिथल्या तिथं. याला म्हणायचं कारभार.

आता झावळ्यांच्या रविवारकडे वळायला हवं, कारण घोळ तिथे झाला. यरुशलेमेत प्रभूचं स्वागत लोकांनी झावळ्या हलवून केलं, म्हणून ईस्टरच्या आदल्या रविवारी आम्हीही झावळ्या घेऊन होसान्ना गात मिरवणूक काढतो. समुद्राकाठच्या मंडळ्यांना नारळ आहेत. आमच्याकडे शिंदी. आणि शिंदीचं पान म्हणजे पान कमी आणि सुया जास्त. दर वर्षी मिरवणुकीत दोनचार लेकरं टोचून घेऊन रडायची, एकदा तर पुढच्या म्हातारीच्या अंबाड्यात मागच्या माणसाची झावळी अडकून दोघांची अर्धी मिरवणूक एकमेकांना जोडूनच झाली. शेवटी तीन वर्षांपूर्वी सेक्रेटरींनी उपाय काढला आणि मुंबईहून प्लास्टिकच्या हिरव्यागार झावळ्या मागवल्या, अर्थात शंभर. धुता येतात, टोचत नाहीत, दर वर्षी त्याच. कमिटीत त्यांनी एक झावळी हलवून दाखवली. तिचा सर्रर्र आवाज झाला आणि मामा उठून बाहेर गेले. त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मामांनी त्या प्रश्नावर असं डोकं लावलं, जसं प्लँट बंद पडल्यावर लावत असतील. ओढ्याकाठी जाऊन त्यांनी शिंदीचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि त्यांना आढळलं की काटे जून पानांना असतात. झाडाच्या अगदी मधोमध जो न उलगडलेला कोंब असतो तो मऊसूत, पांढरट पोपटी, रेशमासारखा असतो आणि त्याचे क्रूसही सुंदर विणता येतात. हे त्यांनी आम्हा सगळ्यांना अशा आनंदाने सांगितलं की आंघोळीतून तसाच धावत सुटलेला आर्किमिडीजही त्यांच्यापुढे जरा कमीच. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी ते कोयता घेऊन निघाले. बरोबर तरुण संघाचे चार जण आणि भाचा म्हणून हक्काने धरून नेलेला माझा नवरा. कोंब बुडापासून अख्खा निघाला पाहिजे म्हणून मामांनी कोयता आतपर्यंत घालायला शिकवलं. आतला गाभा गोड लागतो असाही शोध लागला आणि तो सगळ्यांनी खाल्ला. मामांनी स्वतः दहा झाडांचे कोंब जातीने काढून घेतले. अकराव्याचा माझ्या नवऱ्याला काढायला सांगितला होता, पण त्याला काटा लागला, त्याने वरवर दोन पाती छाटली आणि झालं म्हणून सांगितलं.

तो रविवार देखणा झाला यात वाद नाही. कोणी रडलं नाही, कोणी कोणाला अडकलं नाही, लेकरांच्या हातात पोपटी क्रूस होते. पाळकसाहेबांनी प्रवचनात मामांचं नाव घेतलं, सेक्रेटरींनी सुद्धा जड मनाने टाळ्या वाजवल्या, आणि मामा आपल्या बाकावर, शिक्षकाने शाबासकी दिलेल्या मुलासारखे, छताकडे बघत बसले होते.

पाचव्या दिवशी उत्तम शुक्रवार. दुपारी बारा ते तीन उपासना, क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्यातला पाचवा, तहानेचा उद्गार, दर वर्षी मामांचा. पंधरा मिनिटं दिलेली असतात आणि मामा पाणीप्रश्नावर पाऊण तास बोलतात, हे गृहीत धरून लोक चौथ्या उद्गारानंतर बाहेर जाऊन पाय मोकळे करून येतात. त्या दिवशी तिसरा उद्गार चालू असताना मला मागच्या दारात बुधीबाई दिसली. ती पायरीवर बसली होती. तिने मामांना हाताने बोलावलं. मामा वाकून, कोणाला त्रास नको म्हणून चवड्यांवर चालत, माझ्या पेटीमागून बाहेर गेले, आणि पुढचं सगळं मी ऐकलं.

"बाबा, पाला काढलात त्याचा राग नाय," ती म्हणाली. "मदला कोंब कशापायी काढलात?"

मामांनी सांगितलं, की कोवळा असतो, पोरांना टोचत नाही.

"त्यातूनच झाड वाढतं ना बाबा. तो गेला मंजी झाड गेलं. आता हिरवं दिसतंय. पाऊस येईस्तोवर उभ्या उभ्या वाळंल." ती आवाज चढवून बोलत नव्हती. "मी आता कशाचा झाडू बांधू?"

मामांना मी पाठमोरं पाहत होते. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तसाच खाली आला. मग ते आत आले, चौथा उद्गार संपेपर्यंत गुडघ्यांवर हात ठेवून बसले, आणि आपली पाळी आल्यावर पुलपिटावर गेले. नेहमीचे कागद त्यांनी उघडलेच नाहीत.

"तहानेवर मी आज बोलणार नाय," ते म्हणाले. "मी चर्चच्या पाठीमागची झाडं मारली. प्लास्टिक नको म्हणून मारली. चांगलं काम करतोय असं समजून मारली, म्हणून कुणी मला थांबवलं नाय, आन मीही कुणाला विचारलं नाय. जिला विचारायला पायजे होतं ती मागं पायरीवर बसली हाय. ती विचारती, आता मी कशाचा झाडू बांधू. मला उत्तर येत नाय. तुमच्यात कुणाला येत आसंल तर सांगा."

एवढं बोलून ते खाली उतरले. आमच्या मंडळीच्या इतिहासात मामांना दिलेल्या वेळातला वेळ उरला, असं पहिल्यांदा घडलं. बाहेर पाय मोकळे करायला गेलेले लोक परत आले तेव्हा मामा जागेवर बसलेले पाहून त्यांना वाटलं, यांची तब्येत बिघडली. उपासना संपल्यावर सेक्रेटरींनी हळूच, चांगल्या मनानेच, सांगून पाहिलं की मामा, जागा आपली, झाडंही कायद्याने आपलीच, एवढं मनाला लावून घेऊ नका. मामा त्यांना म्हणाले, की हेच वाक्य मी कारखान्यात तेहतीस वर्षं ऐकलंय.

ईस्टर झाला आणि सोमवारी सकाळी मामांनी सायकल काढली. लोधिवलीकडे भातखाचरांच्या बांधांवर शिंद्या आहेत आणि शेतकरी खालची पानं काढू देतात, हे बुधीबाईनेच सांगितलं होतं. पण तिला पायी जाऊन भारा घेऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडला असता. तेव्हा पानं मामा आणणार, असं ठरलं. कोणी ठरवलं, तर मामांनीच. पहिला भारा त्यांनी मोठ्या उमेदीने वाडीत नेऊन टाकला. बुधीबाईने एकेक पान उचलून बघितलं. हे जून, हे किडकं, हे फाटलेलं. निम्म्याहून जास्त तिने बाजूला काढलं. तेहतीस वर्षं दुसऱ्यांचे नमुने नापास करण्यात गेलेल्या या माणसाला सत्तरी उलटल्यावर एक बाई दर आठवड्याला नापास करू लागली, आणि मामा मान डोलावून ऐकून घेत. जुन्या हायवेवरून, सायकलच्या मागे स्वतःपेक्षा मोठा भारा बांधून, ट्रकवाल्यांचे हॉर्न खात येणारे मामा पाहून कॉलनीतले जुने सहकारी थांबवून विचारायचे, की धंदा टाकला काय. मामा त्यांना झाडू विकायचे. नुसता विकायचे नाहीत, शिंदीचा झाडू कसा धरावा, उभा ठेवू नये, भिजवू नये, हे पंधरा मिनिटं सांगायचे. मामांना टाळायचं असेल तर झाडू घेऊन मोकळं व्हावं, हे लोकांना लवकरच कळलं. आमच्या घरी सात झाले.

शिंदीच्या बियाही त्यांनी लावल्या. प्रत्येक घराला दोन दोन बिया, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून, वर कुटुंबाचं नाव. पुलपिटापुढे फुलदाण्यांच्या जागी या पिशव्या मांडल्या गेल्या आणि एका लग्नातल्या सगळ्या फोटोंत नवरानवरीच्या मागे दुधाच्या पिशव्यांची रांग आली. बुधीबाई हे बघून पदर तोंडाला लावून हसली. "ही पाखरांची कामं, बाबा," ती म्हणाली. "तुमाला नाय जमायची." थोड्या उगवल्या, बऱ्याच नाहीत. मागच्या शिंद्या मात्र तिने सांगितलं होतं तशाच, पाऊस येईपर्यंत, वरून खाली वाळत गेल्या. दहा गेल्या. एक वाचली, तीच, जिच्यावर माझ्या नवऱ्याने काम टाळलं होतं. त्याच्या कामचुकारपणाबद्दल मी वीस वर्षं बोलत आले आहे. त्या दिवसापासून त्याने मला बोलू दिलेलं नाही.

पुढच्या वर्षी झावळ्यांचा रविवार जवळ आला तेव्हा कमिटीत सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. शिंदीचं नाव काढायची सोय नव्हती. सेक्रेटरींनी घसा खाकरून ट्रंकेत पडलेल्या शंभर प्लास्टिकच्या झावळ्यांची आठवण करून दिली. तेव्हा मामा उभे राहिले आणि म्हणाले, की शिंदीची पानं हातात घ्यायची तर बुधीबाईच्या हातून आलेली घेऊ, बांधलेली. पाळकसाहेबांना समजायला थोडा वेळ लागला. म्हणजे झाडू? हो, झाडू. प्रभूच्या स्वागताला झाडू? मामा म्हणाले, की पाव्हणा यायचा म्हटल्यावर आपण घरी काय करतो, आधी दार झाडतोच ना. ठराव पास झाला. आणि नेमके झाडू किती लागतील, हा विषय निघाला तेव्हा सेक्रेटरींचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळला. ते म्हणाले, शंभर सांगून टाका.

अशी ती मिरवणूक निघाली. पुढे पाळकसाहेब झग्यात, मागे शंभर माणसं, प्रत्येकाच्या हातात उंच धरलेला कोरा झाडू, आणि तोंडी होसान्ना. मोहोपाड्याच्या बाजारपेठेत दुकानदार गल्ल्यावरून उठून बाहेर आले. चौकीसमोर हवालदाराने हात आडवा केला आणि विचारलं, की कोणत्या पक्षाचा मोर्चा आहे, परवानगी कुठाय. पाळकसाहेबांनी सांगितलं, की पक्षाचा नाही, राजाची मिरवणूक आहे. हवालदाराचा संशय यामुळे वाढला. तेव्हा मामा पुढे झाले आणि म्हणाले, की साहेब, आधी आम्हाला रस्ता झाडू द्या, मग लागलं तर पकडा. आणि खरंच त्यांनी वाकून झाडायला सुरुवात केली, मग मागच्या सगळ्यांनी. हवालदार म्हणाला, मग चौकीपुढचंही घ्या. तेव्हापासून गावात या दिवसाला आमच्या लोकांचा झाडूचा सण म्हणतात. नव्या झाडूंची तुसं पडून त्या दिवशी चर्चमध्ये जो कचरा झाला, तो झाडायला आणखी एक तास लागला, ही गोष्ट वेगळी.

हे सगळं आता हसत हसत सांगता येतं. पण मामांनी त्यानंतर शिंदीचं पान मिरवणुकीसाठी म्हणून हातात धरलेलं नाही. भारे आणले, झाडू उचलला, गायले. सुटं हिरवं पान मात्र कधी घेतलं नाही. कोणी त्यावर बोललं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. बुधीबाईच्या मात्र ते लक्षात होतं, हे मला यंदा कळलं.

यंदा मामांचा गुडघा गेलाय, चार पावलं टाकली की दम लागतो, डॉक्टरांनी सायकल बंद केलीय. पानं आता माझा नवरा स्कूटरवरून आणतो आणि तीही नापास होतात. झावळ्यांच्या रविवारी मामांना आम्ही रिक्षाने आणून चर्चच्या पुढच्या दारात खुर्चीवर बसवलं, म्हणजे मिरवणूक परत येताना त्यांना दिसेल. गुडघ्यांवर शाल, चैत्राच्या उन्हात. इतका खटपट्या माणूस नुसता बसलेला बघवत नाही. मी आत पेटीवर होते. सगळी दारं उघडी होती. मिरवणूक फाटकातून आत वळली, मी गीत धरलं, आणि पाहिलं तर लोकांच्या बाजूने वाट काढत बुधीबाई पुढच्या दाराने येत होती. तिच्या हातात शिंदीचं एकच लांब हिरवं पान होतं. मागच्या त्या उरलेल्या झाडाचं. तीन वर्षांत त्या झाडाला तिने कोयता लावला नव्हता.

तिने ते पान मामांपुढे धरलं. मामांनी हात मागे घेतले. मला नको, असं ते म्हणाले असावेत.

"भाईरचा हाय, बाबा," ती गाण्यावरून ऐकू जाईल अशा मोठ्याने म्हणाली. "खालचा. झाडाला काय झालं नाय. धरा. गानं होईस्तोवर धरा, मंग परत द्या. मला झाडू बांधायचाय."

मामांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. हलवलं नाही. पात मोडेल म्हणून असेल, त्यांनी ते नुसतं छातीशी उभं धरलं आणि माझ्याकडे, म्हणजे पेटीकडे, बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मला पेटीच्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या होत्या. पुढच्या वर्षी या दारात ही खुर्ची असेल की नाही, हा विचार माझ्या मनात आला आणि मला तो घालवता आला नाही.

ते गीत पाच कडव्यांचं आहे. पाचवं संपलं, लोक आपापल्या बाकांपाशी जाऊन उभे राहिले, पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. मी भाता थांबवला नाही, आणि गीत पुन्हा पहिल्या कडव्यापासून धरलं.